एडवर्ड अँगल : दात सरळ झाले, पण टिकणार कसे?

मलकापूरला पुणे-बेंगळुरू महामार्गालगत कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंतविज्ञान महाविद्यालय आहे. तिथे किंवा देशातल्या कोणत्याही दंत महाविद्यालयात वेड्यावाकड्या दातांचा रुग्ण तपासताना विद्यार्थी केसपेपरवर एक ठरलेली नोंद करतो : अँगल क्लास वन, क्लास टू किंवा क्लास थ्री. ज्यांचे नाव या नोंदीत रोज लिहिले जाते, त्या एडवर्ड हार्टली अँगल यांना जाऊन ९५ वर्षे उलटली आहेत. दातांना तार लावण्याच्या आजच्या शास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

तार निघण्याचा दिवस घरात आनंदाचा असतो. दीड-दोन वर्षांच्या फेऱ्या, खर्च, चिक्की-फुटाण्यांवरची बंदी, सगळे संपल्यासारखे वाटते. त्याच दिवशी डॉक्टर हातावर एक छोटी डबी ठेवतात. तिच्यात रिटेनर असतो, बोलीभाषेत प्लेट. दात तर सरळ झाले, मग ही कशाला आणि किती दिवस, हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात. अँगल यांनाही आयुष्यभर हाच प्रश्न पडला होता. दात हलवण्याचे जवळजवळ प्रत्येक कोडे त्यांनी सोडवले. हलवलेले दात जागेवर कसे राहतील, हे कोडे मात्र त्यांना सुटले नाही. त्यांचे चरित्र वाचले की त्या डबीचे मोल कळते.

शेतकऱ्याचा मुलगा

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफर्ड काउंटीतील हेरिक या खेड्यात झाला. घरची शेती, सात भावंडे. मुलाचे मन पुस्तकांपेक्षा अवजारांत आणि यंत्रांत अधिक रमायचे. हाताचे हे कसब पाहून घरच्यांनी त्याला दंतवैद्याकडे उमेदवारीला पाठवले. त्या काळी दंतवैद्यक हे अर्धे वैद्यक आणि अर्धे कारागिरीचे काम होते. पुढे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीतून १८७८ मध्ये अँगल पदवीधर झाले आणि जवळच्या टोवांडा गावात त्यांनी दवाखाना थाटला.

थोड्याच वर्षांत छातीच्या दुखण्याने त्यांना गाठले. हवापालट म्हणून ते पश्चिमेकडे मिनेसोटात गेले. मग दंतवैद्यक बाजूला ठेवून मोंटाना प्रांतात मेंढपाळीचा व्यवसाय केला. एका कडक हिवाळ्यात हिमवादळाने मेंढ्यांचा कळप मारला आणि भांडवलही गेले. अँगल मिनियापोलिसला परतले, पुन्हा दात पाहू लागले आणि १८८६ पासून तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. दात सरळ करण्याचा विषय याच काळात त्यांच्या पूर्ण ध्यासाचा झाला.

तेव्हा दात सरळ करणे हे वेगळे शास्त्र नव्हते. दंतवैद्य इतर कामे सांभाळून एखाददुसरा रुग्ण हाती घ्यायचा. प्रत्येक तोंडासाठी सोने, चांदी किंवा कडक रबर वापरून नवे उपकरण नव्याने घडवायचा. एकाचे उपकरण दुसऱ्याच्या कामी यायचे नाही. नेमका कोणता दात कुठे न्यायचा, याबद्दलही एकवाक्यता नव्हती. अँगल यांनी मोजके सुटे भाग ठरवले : दाताभोवती बसणारे पट्टे, नळ्या, स्क्रू आणि तारा. हे भाग तयार मिळू लागले की कोणताही दंतवैद्य त्यांची जुळणी करून उपचार करू शकेल, अशी त्यांची कल्पना होती. सोन्याऐवजी जर्मन सिल्व्हर हा स्वस्त मिश्रधातू त्यांनी प्रचारात आणला.

१८८७ मध्ये वॉशिंग्टनला नववी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली. तिथे ३२ वर्षांच्या अँगल यांनी आपली पद्धत मांडली. ज्येष्ठ मंडळींनी त्यांच्यावर कडक टीका केली. आपण आधी केलेलेच हा तरुण नवे म्हणून सांगतो, असा काहींचा आक्षेप होता. त्या निबंधाच्या शीर्षकात मात्र दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या : दात रांगेत आणणे आणि आणलेले दात तिथेच धरून ठेवणे. दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, याची जाण अँगल यांना सुरुवातीपासून होती. त्यासाठी ते दातांवर सिमेंटने चिकटवलेले पट्टे आणि त्यांना जोडलेल्या छोट्या तारा वापरत. आजच्या रिटेनरचे ते जुने रूप म्हणता येईल.

दात माघारी का येतो?

हे समजण्यासाठी दात जबड्यात कसा बसलेला असतो ते पाहावे लागेल. भिंतीत खिळा ठोकावा तसा तो हाडात रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये अत्यंत बारीक जागा असते आणि तिच्यात असंख्य तंतूंचे जाळे असते. या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. घास चावताना पडणारा दाब हे जाळे झेलते.

तारेने दातावर हलका दाब सतत ठेवला की एका बाजूचे तंतू दबतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. दबलेल्या बाजूचे हाड शरीर स्वतःच विरघळवते आणि ताणलेल्या बाजूला नवे हाड भरते. अशा रीतीने दात हाडातून हळूहळू सरकतो. मोठ्या माणसाचे दातही सरळ होऊ शकतात ते याच गुणामुळे.

पण हाच गुण उलटही काम करतो. तार निघते तेव्हा दाताभोवतीचे नवे हाड अजून कच्चे असते. मुळाभोवतीच्या तंतूंची घडी नव्याने बसायला साधारण तीन-चार महिने लागतात. हिरडीतल्या जाड तंतूंना सहा महिन्यांच्या आसपास लागतात. हिरडीच्या वरच्या भागातले लवचिक तंतू सर्वांत हट्टी. त्यांना वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. गोल फिरलेला दात सरळ केला असेल, तर हे तंतू पिळलेल्या सुतळीसारखे त्याला जुन्या दिशेने ओढत राहतात. भरीला ओठ, गाल आणि जीभ यांचा दाब दिवसरात्र चालूच असतो. या सगळ्यांचे बळ थोडे थोडे असले तरी त्यांना खंड नसतो.

अँगल यांच्या काळात सूक्ष्मदर्शकाखालचे हे सगळे चित्र स्पष्ट झाले नव्हते. उपचारानंतर दात हटतात, हे मात्र प्रत्येक दंतवैद्याने पाहिलेले होते.

पहिले तज्ज्ञ, पहिली शाळा

१८९० च्या दशकात अँगल यांनी इतर सर्व दंतवैद्यक सोडून फक्त दात सरळ करण्याचे काम ठेवले. या एकाच कामावर चरितार्थ चालवणारे ते पहिले तज्ज्ञ मानले जातात. शिकागोला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आणि नंतर सेंट लुइस शहरात त्यांनी अध्यापन केले.

१८९९ मध्ये त्यांनी चुकीच्या दंतरचनेचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मागे जी पहिली कायमची दाढ येते, ती अँगल यांनी खुणेचा दगड मानली. वरची ही दाढ खालच्या दाढेवर ठरावीक जागी बसली आणि बिघाड फक्त पुढच्या दातांत असला तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा वर्ग. वरचे दात पुढे आलेली अनेक मुले यात मोडतात. खालची दाढ पुढे गेली तर तिसरा. आधी ज्या विषयात शेकडो वर्णने होती, तिथे आता जगभरच्या दंतवैद्यांना समजेल अशी एक भाषा आली. सव्वाशे वर्षांत त्यात भर पडली, मर्यादाही दाखवल्या गेल्या, पण ती भाषा टिकली.

हा विषय दंत महाविद्यालयांनी स्वतंत्रपणे शिकवावा, हा त्यांचा आग्रह फळाला आला नाही. तेव्हा १९०० मध्ये सेंट लुइसला त्यांनी स्वतःचीच शाळा काढली. काही आठवड्यांचा कडक अभ्यासक्रम आणि मोजके विद्यार्थी, असे तिचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी दंतव्यंगोपचारतज्ज्ञांची पहिली संघटना स्थापन झाली आणि अँगल तिचे पहिले अध्यक्ष झाले. भारतात अशी संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, स्थापन व्हायला १९६५ साल उजाडले.

अँगल स्वभावाने कडक होते. विद्यार्थ्यांवर जीव टाकत आणि मतभेद झाला की संबंधही तोडत. त्यांच्या कामात शेवटपर्यंत मोठा वाटा होता अॅना हॉपकिन्स यांचा. त्या स्वतः १९०२ च्या दंतवैद्यक पदवीधर होत्या. अँगल यांच्याकडे त्या शिकल्या, शाळेचा कारभार आणि लेखन सांभाळू लागल्या. १९०८ मध्ये दोघांचा विवाह झाला. विद्यार्थी त्यांना आईच्या मानाने वागवत.

बत्तीसही दात हवेत

चांगला चेहरा म्हणजे काय, याचा विचार करताना अँगल यांनी सुरुवातीला अपोलोच्या प्राचीन पुतळ्याचा चेहरा आदर्श मानला होता. सेंट लुइसचे चित्रकार एडमंड वुर्पेल यांच्याशी चर्चा झाल्यावर ते मत त्यांनी सोडले. माणसांचे चेहरे इतके वेगवेगळे असताना सर्वांना एकच साचा लावता येणार नाही, हे त्यांना पटले. मग समान नियम कोणता? अँगल यांचे उत्तर होते : दातांची परस्परांवरची बैठक. बत्तीसही दात तोंडात ठेवून ते एकमेकांत बरोबर बसवले की चेहरा आपोआप त्याच्या परीने सुंदर होईल.

टिकण्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांना इथेच सापडले असे वाटले. जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले होते की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. अँगल यांनी हा नियम जबड्याला लावला. दात योग्य जागी आले की चावणे सुधारेल, त्या भाराने हाड वाढेल, वाढलेले हाड दातांना जागा देईल आणि दात तिथेच ठरतील. या हिशेबात रिटेनर म्हणजे हाड तयार होईपर्यंतचा तात्पुरता टेकू होता.

आधीच्या आवृत्त्यांमध्ये अँगल यांनी काही रुग्णांत दात काढायला मुभा दिली होती. १९०७ च्या सातव्या आवृत्तीत ती मुभा संपली. दात काढणे म्हणजे निसर्गाच्या आराखड्याची मोडतोड, अशी त्यांची भूमिका झाली. त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली : दात जागेवर धरून ठेवण्याचे काम अनेकदा ते हलवण्यापेक्षा अवघड असते आणि निष्णात तज्ज्ञाचाही तिथे कस लागतो. हाड आपोआप साथ देणार असेल, तर हे काम इतके अवघड का, हा पेच त्यांच्या लिखाणात तसाच राहिला.

१९११ मध्ये शिकागोचे कॅल्व्हिन केस यांनी जाहीर सभेत अँगल यांच्या मताला आव्हान दिले. काही जबड्यांत सगळे दात मावत नाहीत. ते कोंबले तर चेहरा पुढे येतो आणि दातही टिकत नाहीत, असे केस यांचे म्हणणे होते. अँगल यांच्या बाजूने मार्टिन ड्यूई वाद घालायला उतरले. वाद कडवट झाला. अमेरिकेत पुढची जवळजवळ तीन दशके अँगल यांच्याच मताचे वर्चस्व राहिले.

पॅसाडिनाची शेवटची वर्षे

१९१६ च्या सुमारास अँगल दांपत्य कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे राहायला गेले. वय साठीच्या पुढचे, प्रकृती नाजूक. विश्रांती घ्यायची ठरवूनही विद्यार्थी येत राहिले आणि घराजवळच नवे कॉलेज उभे राहिले.

उपकरणे सुधारण्याचे काम चालूच होते. त्यांच्या नावावर तीन डझनांहून अधिक पेटंटे जमा झाली. दाताला फक्त तिरके ढकलणारी जुनी कमानीसारखी तार त्यांना पुरेशी वाटत नव्हती. मुळासकट दात हवा तसा वळवता आला पाहिजे, म्हणजे तो नीट टिकेल, असा त्यांचा विचार होता. त्यातून एकामागून एक नवी उपकरणे आली. शेवटचे आले ते एजवाइज उपकरण. प्रत्येक दातावर एक छोटा ब्रॅकेट, त्यात आयताकृती खाच आणि खाचेत बसणारी चौकोनी तार. खाचेचे माप ०.०२२ इंच गुणिले ०.०२८ इंच. १९२८ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आज दातांवर चिकटवले जाणारे धातूचे किंवा दाताच्या रंगाचे ब्रॅकेट याच कल्पनेचे वंशज आहेत. खाचेचे तेच माप आजही जगभर वापरात आहे.

११ ऑगस्ट १९३० रोजी कॅलिफोर्नियात सँटा मोनिका येथे अँगल यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाने संघटना काढली आणि पाठोपाठ ‘द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ हे नियतकालिकही सुरू केले. ते आजही निघते.

शिष्यांनी तपासलेला गुरूचा हिशेब

अँगल यांच्या अखेरच्या शिष्यांपैकी एक होते चार्ल्स ट्वीड. एजवाइज उपकरणाची बाजू मांडण्यात ते गुरूंच्या शेजारी उभे होते. पुढे अॅरिझोनातील टूसॉन येथे त्यांनी काही वर्षे गुरूंच्या शिकवणीप्रमाणे एकही दात न काढता उपचार केले. नंतर त्यांनी आपल्याच जुन्या रुग्णांना बोलावून तपासले. बहुतेकांचे दात पुन्हा हटले होते किंवा चेहरा पुढे आला होता. ट्वीड यांनी अशा रुग्णांच्या चार उपदाढा काढून, मोबदला न घेता, पुन्हा उपचार केले. १९४० मध्ये अशा शंभर रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी त्यांनी सहकाऱ्यांसमोर मांडल्या. गुरूंच्या घरी हे रुचणारे नव्हते. ट्वीड यांनी गुरूंचे उपकरण जपले, त्यांचा नियम सोडला.

ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग हेही पॅसाडिनाला शिकून गेलेले. अॅडलेडला परतल्यावर तेही १९२८ पासून काही रुग्णांत दात काढू लागले. तिथल्या आदिवासींच्या झिजलेल्या दातांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की भरड अन्नाने दात झिजत असताना ते आयुष्यभर पुढे सरकत राहतात.

आता दात काढून जागा केली म्हणजे टिकण्याचा प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटले. तेही खरे ठरले नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या आणि रिटेनर थांबवून दहा-वीस वर्षे झालेल्या रुग्णांचे साचे तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात दहा वर्षांनंतर खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी होते. १९८८ च्या अहवालात वीस वर्षांनंतर ते सुमारे १० टक्क्यांवर आले. कोणाचे दात हटतील हे आधी सांगता येईल अशी भरवशाची खूणही सापडली नाही.

हिरडीतले तंतू दीर्घकाळ ताणलेले राहतात हे नॉर्वेच्या कोरे राइटन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. गोल फिरवलेला दात धरून ठेवल्यावर २३२ दिवसांनीही हिरडीतले तंतू ताणलेलेच होते. हा निबंध १९५९ मध्ये अँगल यांच्या नावाने निघणाऱ्या नियतकालिकातच छापून आला.

पुढे आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांनी कधीच तार लावलेली नाही, त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीने बसू लागतात. म्हणजे दात हटण्याची कारणे दोन. एक उपचारातले : ताणलेले तंतू आणि कच्चे हाड. हे काही महिन्यांत शांत होते. दुसरे वयातले : ते केसांच्या पांढरेपणासारखे, थांबत नाही. अँगल यांचा सारा विचार पहिल्या कारणाशी झुंजण्यात गेला. दुसऱ्याचा आवाका त्यांच्यानंतर उलगडला.

डबीतली प्लेट

रोजच्या वापराचे उत्तर अँगल यांच्याच काळातल्या एका दंतवैद्याने दिले होते. चार्ल्स हॉली यांनी १९१९ च्या सुमारास टाळूला बसणारी, पुढच्या दातांवरून एक तार जाणारी, काढता-घालता येणारी प्लेट मांडली. तेव्हा ती कडक रबराची असे, आता अॅक्रिलिकची असते. शंभर वर्षांनंतरही दंत महाविद्यालयांत विद्यार्थी तारेला पक्कडीने वळण देत हॉली रिटेनर बनवायला शिकतात. त्याच्या जोडीला १९७० च्या दशकात दातांच्या आतल्या बाजूला चिकटवायची बारीक तार आली आणि नंतर पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ टोपी.

प्रत्येकाचे गुण वेगळे. हॉली प्लेट दणकट, दुरुस्त करता येणारी, पण तार दिसते आणि सुरुवातीला बोलताना जीभ अडखळते. पारदर्शक टोपी दिसत नाही, पण झिजते आणि तडकते. चिकटवलेली तार रुग्णाच्या विसरभोळेपणावर अवलंबून नसते, पण तिच्याभोवती कीटण साचते आणि एखाद्या दातावरून ती सुटली तर चटकन लक्षात येत नाही.

किती दिवस, या प्रश्नाचे आजचे सर्वसाधारण उत्तर असे : सुरुवातीचे काही महिने डॉक्टर सांगतील तितके तास, मग रोज रात्री, आणि दात सरळ हवे आहेत तोवर रात्रीची सवय सोडू नये. नेमके वेळापत्रक रुग्णागणिक बदलते. दात गोल फिरलेले होते, पुढच्या दातांत फट होती किंवा उपचार मोठ्या वयात झाला, तर डॉक्टर अधिक काटेकोर राहतात.

मलकापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेने या गावाचे नाव देशभर झाले. अशी योजना उभारणे हे एक काम आणि मीटर, व्हॉल्व्ह, गळती रोज सांभाळणे हे दुसरे. दुसरे काम थांबले की पहिल्यावरचा खर्च वाया जातो. दातांचेही तसेच आहे.

प्लेट हरवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. लग्नाच्या पंगतीत ती कागदी रुमालात गुंडाळली जाते आणि पत्रावळीबरोबर जाते. दहावी-बारावीच्या धांदलीत ती कपाटात पडते. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाच्या बॅगेत ती जातच नाही. म्हणून जेवताना प्लेट काढली की डबीतच ठेवावी. साध्या थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने रोज धुवावी. गरम पाण्यात किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ती वाकते. पारदर्शक टोपी घालून चहा पिऊ नये. चिकटवलेली तार असेल तर तिच्या खालून धाग्याने किंवा बारीक ब्रशने सफाई करावी आणि वर्षातून एकदा तरी ती तपासून घ्यावी.

हिरड्यांकडेही लक्ष हवे. हिरडीच्या आजारात दाताभोवतीचे हाड झिजते आणि मग सरळ केलेले दातही फाकतात. तंबाखू आणि मिश्री हिरड्यांचे नुकसान करतात, त्यामुळे मोठ्या वयात तार लावणाऱ्यांनी त्या सोडणेच हिताचे. अक्कलदाढ पुढचे दात ढकलते असा समज सर्वत्र आहे. अभ्यासांतून त्याला आधार मिळालेला नाही. केवळ दात हटू नयेत म्हणून न दुखणारी अक्कलदाढ काढण्याचे कारण नाही.

चार-आठ दिवसांच्या खंडानंतर प्लेट घट्ट वाटली, तर दात हलू लागले आहेत असे समजावे. ती पूर्ण बसत असेल तर डॉक्टरांना विचारून पुन्हा नियमित घालावी. बसतच नसेल तर जोर लावून दाबू नये किंवा घरी तार वाकवू नये. प्लेट हरवली, तुटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे. थोडासा हटलेला दात अनेकदा नव्या रिटेनरने सावरता येतो. वर्षभर थांबले, तर तार पुन्हा पहिल्यापासून लावावी लागू शकते.